कागद बाहेर, पुठ्ठा घरात

आमच्या पंचांगाच्या सातव्या महिन्यात, भाऊमंडळी मोकळी सुटलेली असतात त्या दिवसांत, मी आमच्या रुग्णालयाच्या श्रेडरमध्ये सव्वीस गठ्ठे कागदी सोनं कापलं. भाऊमंडळी म्हणजे भुतं. पण या महिन्यात त्यांना त्या नावाने कुणी हाक मारत नाही, म्हणून मीही एकदाच लिहून मोकळा होतो. कागदी सोनं त्यांच्यासाठी जाळायचं असतं. धूर झाला की ते त्यांच्या हाती पडतं. ते कापायचं नसतं, एवढं आमच्याकडे बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. माझा खोका चुकला, एवढंच.

झालं असं, की तळघरातल्या कागदाच्या खोलीच्या युनमोई मावशी त्या दिवशी रजेवर होत्या. पुतणीच्या बाळाचा महिना भरला होता आणि मावशींशिवाय चिकटभात कोण शिजवणार? मी सामान्य प्रशासनातला कारकून. मीच म्हणालो, "मावशी, तुम्ही निर्धास्त जा. कागद आत घालायचा आणि बटण दाबायचं. त्यात काय मोठंसं?" आयुष्यात 'त्यात काय मोठंसं' हे शब्द मी ज्या ज्या वेळी उच्चारले, त्या त्या वेळी पुढचे तीन महिने खराब गेले आहेत. लग्नाच्या वेळी हेच म्हणालो होतो, पण तो विषय वेगळा.

मावशींनी टेबलावर चिठ्ठी ठेवली होती: "भिंतीकडचे सहा खोके कापायचे. दाराजवळच्याला हात लावू नकोस." त्या चिठ्ठीवर मी माझा जेवणाचा डबा ठेवला. दाराजवळच्या सलाइनच्या खोक्यात औषध विभागाने महिन्याच्या पंधराव्या दिवशी भाऊमंडळींना दाखवायच्या नैवेद्यासाठी आणलेलं कागदी सोनं होतं. कापायचा कागद वाचायचा नाही, असा गोपनीयतेचा नियम आहे. तो नियम मी नोकरीत एकदाच मनापासून पाळला, तो त्या दिवशी. यंत्राने पंचवीस गठ्ठे निमूटपणे गिळले. सव्विसाव्याला सोनेरी वर्ख पात्यांना चिकटला, करपल्याचा वास आला, आणि बारा वर्षांचं ते यंत्र एक उचकी देऊन गप्प झालं.

बातमी पाचव्या मजल्यापर्यंत पोचायला लिफ्टही लागली नाही.

"भाऊमंडळींचा पगार कापला तू!" मोठ्या सिस्टर जिन्याच्या वरच्या पायरीवरूनच ओरडल्या. खाली उतरायची त्यांची तयारी नव्हती. "आणि तेही कुठे? इस्पितळात! दुसरी जागा नाही मिळाली?"

पुढचा आठवडाभर लिफ्ट अडकली तरी मी, कँटीनमधलं सोयाबीनचं दूध फाटलं तरी मी.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. हाताला धूळ लागू नये म्हणून फुलाफुलांच्या सुट्या बाह्या चढवलेल्या, डोक्यावर तसलीच टोपी. यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पिशवीतून बाळाच्या महिन्याचं लाल रंगवलेलं अंडं काढलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"खा. आज तुला ताकद लागणार आहे."

त्या मला एक शब्दही टाकून बोलल्या नाहीत. फक्त दोन दिवस खाली बसून त्यांनी त्या ढीगभर चिंध्यांतून सोनेरी वर्खाचे तुकडे एकेक करून वेगळे काढले, आणि मलाही काढायला लावले. मग गाड्या लावायच्या आवारातल्या लोखंडी भट्टीत ते जाळले, वर स्वतःच्या पदरचे दोन गठ्ठे जोडून. हात जोडून म्हणाल्या, "भाऊ, सुट्टे आहेत, चालवून घ्या. पोरगं आमचंच आहे."

मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होतो.

*

चुंग युनमोई यांचं गाव मेइनोंग. डोंगराच्या पलीकडे, मोटारीने अर्ध्या तासावर. वय तेव्हा त्रेसष्ट. घरी तंबाखूची शेती होती. ती बंद झाल्यावर नवरा आता पांढरे मुळे लावतो. मुळ्यांशी बोलतो, बायकोशी कमी, आणि त्यामुळे संसार उत्तम चालला आहे असं मावशी सांगतात. तरुणपणी काओश्युंग शहरातल्या कारखान्यात रेडिओ जोडले, मग मुलं झाली, मग बावीस वर्षांपूर्वी आमच्या रुग्णालयात झाडूवर लागल्या. दहा वर्षांनी श्रेडर आलं. त्याचा आवाज कुणालाच सोसेना म्हणून ते तळघरात गेलं, आणि मावशी म्हणाल्या, "मला चालेल. नवरा घोरतो."

अशी ती खोली त्यांची झाली. खिडकी नाही, दोन दिव्यांपैकी एक लुकलुकता. एका बाजूला कापायचे कागद: मुदत संपलेल्या केसपेपरच्या फायली, जुन्या चिठ्ठ्या, हजेरीपत्रकं. दुसऱ्या बाजूला पुठ्ठा: सलाइनचे, हातमोज्यांचे, डायपरचे खोके. दिवसाला शंभर-सव्वाशे. चिकटपट्टी ओढून काढायची, तळ फोडायचा, खोका आडवा करायचा, गुडघा ठेवून दाबायचा, वीस-वीसचा गठ्ठा बांधायचा. मावशींचा गठ्ठा बघितला की वाटे, कुणीतरी पुठ्ठ्याला इस्त्री केली आहे. रुग्णालयात शल्यविशारद तिघे होते, पण इतकी सफाईदार गाठ त्यांच्यापैकी एकाचीही नव्हती. हे त्यांच्यापैकी एकाने स्वतःच मला सांगितलं.

कागदाच्या बाबतीत मात्र त्यांचे कायदे होते. कागदावर पाय पडता कामा नये. गठ्ठ्यावर बसायचं नाही. यंत्रात कागद घालताना लिहिलेली बाजू खाली. प्रत्येक पिन काढायची. यंत्र पिना खातं, असं मी एकदा सांगितलं तर म्हणाल्या, "तुझं पोट दगड पचवत असेल, म्हणून आई तुला दगड वाढायची का?"

हे सगळं आजोबांकडून आलेलं. त्यांचे आजोबा गावातल्या अक्षर-भट्टीचे सेवेकरी होते. विटांची, तीन मजली, देवळाच्या कळसासारखी ती भट्टी अजून उभी आहे. आजोबा पाठीवर बांबूची पाटी घेऊन गावभर हिंडत आणि लिहिलेला कागद दिसला की चिमट्याने उचलत. शाळेचं पान असो, हिशेबाचा चिटोरा असो, फाटलेली पत्रिका असो. अक्षर कचऱ्यात जाऊ द्यायचं नाही. ते भट्टीत जाळायचं, राख पोत्यात साठवायची, आणि वर्षाच्या पहिल्या महिन्यात, नवमीला, वाजतगाजत नदीत सोडायची. लहानगी युनमोई पोत्याचं तोंड धरून आजोबांबरोबर चालायची. शाळा तिची चौथीत सुटली. "अक्षर फार आलं नाही मला," त्या म्हणत, "पण त्यांची उठबस केली."

तळघरात हे कायदे लागू करताना थोड्या अडचणी यायच्या. डायपरच्या खोक्यावर छापलेलं असतं, ते अक्षर धरायचं का? मावशींनी निकाल दिला होता: जाहिरात म्हणजे अक्षर नव्हे, ती आरडाओरड. पुठ्ठा मोकळा. आणि डॉक्टर छ्यू यांच्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या? मावशींनी एक चिठ्ठी उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"याला अक्षर म्हणायचं का, मला शंका आहे," त्या म्हणाल्या. "पण उगाच पाप नको. संशयाचा फायदा देऊ."

कापलेल्या कागदाचा भुगा सिस्टर लोक मागायला येत. कुणाला पोमेलो फळं पेटीत भरायला हवा असायचा, कुणाला घरच्या सशाखाली अंथरायला. मावशी देत नसत. "सशाखाली? तुझ्या सासूचा केसपेपर असेल त्यात." तो सगळा भुगा पोत्यांत भरून, तोंड बांधून, दर मंगळवारी पुठ्ठ्याबरोबर भंगारवाल्या आ-शुई काकांच्या टेम्पोत जायचा. त्याचा पुन्हा कागद होतो, म्हणून मावशींचं समाधान होतं. पोतं टेम्पोत चढलं की त्या हात झटकत आणि म्हणत, "जा, पुन्हा चांगल्या घरी जन्माला ये."

*

यंत्र मेलं आणि नव्या व्यवस्थापक ताओबाईंना निमित्त मिळालं. ताओबाई काओश्युंगहून आलेल्या. वय छत्तीस. चालताना बोलायच्या आणि बोलताना चालायच्या. वाईट अजिबात नव्हत्या. त्यांना फक्त प्रत्येक गोष्टीचं टिपण हवं असायचं.

"वेन, नवं यंत्र घेण्याआधी एक टिपण करा. कागद आणि पुठ्ठा, दोन्हींचं. आपण आत करायचं की बाहेर द्यायचं?"

"आणि बाहेर दिलं तर, बाई, खोली?"

"खोलीत ऑक्सिजनच्या नळ्या ठेवता येतील."

"आणि मावशी?"

"लाँड्रीत माणूस कमी आहे," त्या म्हणाल्या आणि लिफ्टमध्ये शिरल्या.

लाँड्रीच्या प्रमुख म्हणजे मावशींची सख्खी नणंद. दोघी नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कुणाच्या तरी लग्नात मटणाच्या तुकड्यावरून झालं होतं. मावशींचे गणवेश धुवायला मी नेऊन देत असे आणि मीच आणत असे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना या बाईला नणंदेच्या हाताखाली चादरी पिळायला लागणार, आणि का, तर मी चिठ्ठीवर डबा ठेवला म्हणून!

त्याच दिवशी मी ठरवलं, असं टिपण लिहायचं की ताओबाईंच्या डोळ्यांतून पाणी यावं. 'आत' आणि 'बाहेर' असे दोन रकाने केले. 'बाहेर'च्या रकान्यात अनोळखी माणसं, रस्त्यातले अपघात, वादळं आणि भूकंप घातले. 'आत'च्या रकान्यात निष्ठा, बावीस वर्षं, एकही कागद बाहेर न गेल्याचा इतिहास आणि 'रुग्णालयाचा आत्मा' हे शब्द. भूकंप आत असतानाही होऊ शकतो हे माझ्या लक्षात आलं, पण मी ते लिहिलं नाही.

माहितीसाठी खाली गेलो. मावशी पुठ्ठ्यावर गुडघा ठेवून बसल्या होत्या.

"मावशी, एका खोक्यातले कागद कापायला किती वेळ लागतो?"

"पिना किती आहेत त्यावर."

"साधारण?"

"साधारण माणसाला एक तास. तुला एक यंत्र."

"मावशी, मी तुमच्यासाठी लढतोय हो! तुम्हाला लाँड्रीत पाठवणार आहेत."

त्यांचा गुडघा एक क्षण उचलला गेला. मग पुन्हा खोक्यावर आला, जरा जास्तच जोरात. "मग लिही, लिही," त्या म्हणाल्या. "अक्षर तरी नीट काढ."

चार दिवसांनी बाहेरच्या कंपनीचा माणूस आला. नाव लाय. उन्हाळ्यात टाय. त्याने तळघरातच ताओबाईंना, मला आणि मावशींना पद्धत समजावली. खोके तुम्ही बंद करायचे, मोहोर लावायची. आमचा ट्रक येणार. वाटेत कुणी उघडत नाही. कागद गिरणीत जातो आणि खोक्यासकट पाण्याच्या मोठ्या हौदात पडतो. फिरत फिरत विरघळतो. लगदा होतो.

"कापत नाही?" मावशींनी विचारलं.

"नाही ताई. पातं लागत नाही."

"आणि पिना?"

"पिना तळाला बसतात. लोहचुंबक आहे."

"आणि पुठ्ठा?"

"पुठ्ठाही आम्ही नेऊ. पण कोरडा हवा, चिकटपट्टी काढलेला, वेगळा केलेला."

"तो वेगळा कोण करणार?"

लाय टायशी खेळू लागला. "ते... तुमच्याकडचं कुणीतरी."

ताओबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मावशी पुन्हा पुठ्ठ्याकडे वळल्या. दिवसभर रेडिओही लावला नाही. मी समजलो की बाई आतून खचल्या. टिपणाची आणखी तीन पानं वाढवली.

*

टिपण पुरं होण्याआधीच अग्निशमनवाल्यांनी तळघरातल्या साठलेल्या खोक्यांवर बोट ठेवलं, आणि ताओबाईंनी एक फेरी करून बघायचं ठरवलं. नियम असा की विल्हेवाट लावताना रुग्णालयाचे दोन साक्षीदार हजर हवेत आणि त्यांनी सही करावी. नोंदी विभागाच्या प्रमुखांना ट्रकमध्ये गाडी लागते. त्यांच्या सहायकाला प्रमुखांच्या मोटारीतसुद्धा लागते. शेवटी नावं पडली माझं आणि मावशींचं.

मावशी त्या दिवशी लग्नासाठी ठेवलेला जांभळा सदरा घालून आल्या. ट्रकच्या केबिनमध्ये तिघांची जागा. ड्रायव्हर एका बाजूला, मावशी खिडकीशी, आणि मध्ये गियरच्या दांड्याशी झुंजत मी. मावशींनी वाटेत घरचा मुळ्याचा पोळा काढला, ड्रायव्हरला भरवला, मला म्हणाल्या, "तू तुझा घे. तुझे हात मोकळेच आहेत."

नदीपलीकडे, उसाच्या शेतांना लागून ती गिरणी. तिथले मुकादम कांग, तोंडात सुपारी, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. आमच्या मोहोरा मोजून झाल्या, मग एकेक खोका पट्ट्यावरून वर गेला आणि हौदात कोसळला. हौद असा की त्यात आमचं तळघर बसेल. पाणी गरगर फिरत होतं. खोका एकदा पालथा झाला, पोट फुटलं, कागद बाहेर आले, पांढऱ्या बदकांसारखे एक फेरी पोहले. दुसऱ्या फेरीला त्यांच्या कडा गेल्या. पाचव्या फेरीला तांदळाची पेज. शाई काळपट फेस होऊन वर आली आणि एका पन्हळीतून वाहत निघून गेली.

मावशींनी टोपी काढली. कठड्याला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग पुटपुटल्या, "न जाळताच पाण्यात."

मला वाटलं, हीच वेळ. "मुकादम," मी मुद्दाम मोठ्याने विचारलं, "या लगद्याचं पुढे काय करता हो?"

"खोके. नाहीतर शौचालयाचा कागद."

"ऐकलंत मावशी?" मी जवळजवळ नाचलो. "शौचालयाचा! अक्षराचा!"

मावशी माझ्याकडे वळल्या. शेजारच्या म्हशीकडे बघावं तसं पाहिलं. "अक्षर त्या पन्हळीतून गेलं, वेन. मागे राहिला तो नुसता कागद. कागदाने पोटापाण्याला काहीतरी करायला नको?"

मग त्या कांग मुकादमांना म्हणाल्या, "आमच्याकडे कापलेला भुगापण आहे. यंत्र बंद पडायच्या आधीचा, टेम्पोत न मावलेला, आठ पोती. तोही आणू का?"

"चिवडा? नको बाई, नको!" मुकादम सुपारीसकट हसले. "कागदाला धागा असतो. धागा लांब असला तर त्याला पुढचा जन्म. तुम्ही कापून कापून त्याचा चिवडा केलात की धागा तुटतो आणि चाळणीतून पाण्याबरोबर जातो. चिवड्याचा कागद आमच्याकडे तरी होत नाही. कुठेच कुणी घेत नाही हल्ली."

"आमचा घेतात," मावशी म्हणाल्या. "बारा वर्षं घेतात."

"घेऊन कुठे नेतात, ते विचारा. कचऱ्याच्या भट्टीत जात असेल."

परतीच्या वाटेवर मुळ्याचा पोळा निघाला नाही. मावशी खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा गियरचा दांडा गुडघ्यावर बसला, ते एका अर्थी बरंच झालं.

मंगळवारी आ-शुई काका टेम्पो घेऊन आले. सत्तरीचे, बनियन खांद्यावर, खणखणीत माणूस. मावशी आवाराच्या मधोमध उभ्या.

"आ-शुई, माझी पोती कुठे नेतोस?"

"कुठे म्हणजे? नेहमीच्या जागी."

"नेहमीची जागा कुठली?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुठ्ठ्याकडे पाहिलं.

"ताई," काका म्हणाले आणि एकदम म्हातारे दिसू लागले, "पहिल्या वर्षी एक गिरणी घेत होती. मग तिनेही बंद केलं. सांगणार होतो. पण तुम्ही त्या पोत्यांना निरोप द्यायच्या ना... मुलीला सासरी पाठवल्यासारखं. माझी जीभ रेटली नाही. अकरा वर्षं मी ती नगराच्या कचरा-भट्टीवर सोडतोय."

मावशींनी एका पोत्याच्या तोंडाची गाठ चाचपून पाहिली.

"जाळायला माझी हरकत नाही," त्या म्हणाल्या. "आजोबाही जाळायचे. पण माशांच्या काट्यांबरोबर, आ-शुई? डायपरबरोबर?"

"चुकलं, ताई."

"पुठ्ठा तरी खरा जातो ना?"

"पुठ्ठा देवाशपथ! तुमचा पुठ्ठा तर वजन न करता घेतात. गाठ बघूनच ओळखतात."

"मग आज पुठ्ठा उचल. पोती राहू देत."

ती आठ पोती मावशींनी पुढच्या रविवारी नवऱ्याच्या मुळ्यांच्या गाडीत घालून गावाला नेली. गावच्या अक्षर-भट्टीत ती दिवसभर जळत होती, असं नंतर कळलं. सेवेकऱ्याने विचारलं, एवढं अक्षर कुठून आणलं? मावशी म्हणाल्या, आजारी लोकांचं आहे, जरा हळू जाळ.

*

सोमवारी मी माझं सतरा पानी टिपण घेऊन ताओबाईंच्या केबिनमध्ये उभा होतो. बाई 'रुग्णालयाचा आत्मा' या पानावर आल्या होत्या आणि भुवया वर गेल्या होत्या. दारावर टकटक झाली. बावीस वर्षांत मावशी त्या मजल्यावर फक्त लादी पुसायला आल्या होत्या. त्या आल्या, फुलांच्या बाह्या काढून हातात धरल्या, आणि म्हणाल्या, "बाई, कागद बाहेर द्या."

मी चुकीचं ऐकल्यासारखा बघत राहिलो.

"पण वेन यांनी तर लिहिलंय..." ताओबाईंनी पानं चाळली. "की तुमच्या खोलीवर घाला म्हणजे..."

"वेनचं मन चांगलं आहे. वाचायचं सोडून सगळं जमतं त्याला."

"बाहेर दिलं तर तुमचं काम जाईल, मावशी. तुम्हाला कल्पना आहे ना? लाँड्रीत जावं लागेल."

"जाईन," मावशी म्हणाल्या. सरळ मानेने, एकदाच. नणंदेला ओळखणाऱ्या माणसालाच कळेल त्या एका शब्दाचं वजन किती होतं. "पण पुठ्ठा बाहेर देऊ नका. त्या टायवाल्याला कोरडा, निवडलेला, चिकटपट्टी काढलेला हवाय. सगळं आपणच करायचं, तर तो करतो काय? फक्त नेतो. नेणारा आपला आ-शुई आहे. खोटं बोलतो, पण पुठ्ठ्याच्या बाबतीत नाही."

ताओबाईंनी प्रथमच खुर्चीवर नीट टेकून बसल्यासारखं केलं. वही उघडली. त्या दिवशी तळघरात त्यांनी जे लिहिलं होतं, ते मला पलीकडून उलटं दिसलं: 'पुठ्ठा निवडणार कोण?' आणि खाली दोन रेघा.

"दर महिन्याला ट्रकबरोबर साक्षीदार लागणार," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "नोंदीवाले तयार नाहीत. खोके भरून मोहोर लावणारंही कुणी हवं. पुठ्ठा रोज शंभर-सव्वाशे..." पेन्सिल दातांवर वाजली. "म्हणजे लाँड्रीत कुणाला पाठवायला माझ्याकडे माणूसच उरत नाही."

"ऑक्सिजनच्या नळ्या?" मी विचारलं.

"जिन्याखाली," ताओबाई म्हणाल्या. "आणि वेन, हे टिपण घेऊन जा. चांगलं आहे. पण यात भूकंप फक्त बाहेरच का होतो?"

*

याला आता वर्ष झालं. तळघरात यंत्राच्या जागी पुठ्ठ्याचे गठ्ठे छताला टेकले आहेत. खोली शांत झाल्यामुळे सिस्टर लोक दुपारी तिथे डबा खायला येतात आणि मावशींनी त्यांना पुठ्ठ्यावर बसायची परवानगी दिली आहे, कारण पुठ्ठ्यावर फक्त आरडाओरड छापलेली असते. कागदाचे खोके मावशी स्वतः भरतात, लिहिलेली बाजू खाली. पिना अजून काढतात. लोहचुंबकाला कमी त्रास, म्हणतात. महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी जांभळा सदरा घालून त्या ट्रकची वाट बघत आवारात उभ्या असतात. गळ्यात ओळखपत्र, त्यावर 'साक्षीदार'. गिरणीतले कांग मुकादम त्यांच्यासाठी कठड्याशी प्लॅस्टिकचं स्टूल ठेवतात. शेवटचा खोका विरघळेपर्यंत त्या त्यावर बसतात आणि मगच सही करतात. चौथीतल्या मुलीसारखं टपोरं, एकेक रेघ ओढून काढलेलं नाव.

नणंदेशी अजून बोलत नाहीत. गणवेश अजून मीच पोचवतो.

दुसरा साक्षीदार मीच. गेल्या गुरुवारी परत येताना केळीच्या बागा मागे पळत होत्या, घडांना निळ्या पिशव्या घातलेल्या. मावशींनी काच खाली केली होती आणि चेहऱ्यावर वारा घेत होत्या. मी नेहमीप्रमाणे मध्ये, गियरच्या दांड्याला गुडघ्यांत घेऊन. मन भरून आलं होतं. मला हे लिहायचं होतं, आणि लिहिण्याआधी त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

"मावशी, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही खोली, काम, सगळं पणाला लावलंत. नणंदेकडे जायलाही तयार झालात. खरं सांगा, आजोबांसाठीच ना? त्या अक्षरांसाठी?"

मावशींनी खिडकीबाहेरची नजर काढली नाही.

"ट्रकात खिडकी मिळते म्हणून."